डाव्या पायाची तक्रार

आधी वाटलं, मलाच काहीतरी होतंय.
पंचेचाळिशीच्या बाईने गरम होतं म्हटलं
की सगळे एकच उत्तर देतात, आवाज खाली करून.
पण हे फक्त डाव्या पायाला व्हायचं,
घोट्यापासून पोटरीपर्यंत,
आणि तेही गाडीत.

पांढरी सँट्रो. घाटकोपरच्या शृंगारपुऱ्यांकडून घेतलेली,
मी तिची तिसरी मालकीण.
भांडुप ते मुलुंड घरोघर जाऊन मी
लोकांचे गुडघे वाकवते, आखडलेले खांदे सोडवते.
दिवसाला सहा घरं, लिफ्ट बंद असलेली चार,
आणि मधल्या वेळात ही भट्टी.

एसी चालू होता. एसी चांगला होता.
चेहऱ्यावर जानेवारी, पायाशी मे.

माझ्यापरीने शोधलं.
मॅट उचललं: एक रुपया, बडीशेपेची पुडी,
पत्रा कोमट, ताप चढत असलेल्या कपाळासारखा.
काचांना जाळ्या लावल्या.
वॉचमनची खुर्ची हलवून करंजाखाली जागा मिळवली,
तो आठवडाभर बोलला नाही.
गॅस भरून आणला, अठराशे रुपये.
पहाटे साडेपाचला, सूर्य नसताना, चालवून पाहिली.
पाय तापलाच.

कलिन्यात पास्कल किणीचं गॅरेज.
तो बॉनेट उघडून लगेच हात घालत नाही.
"सुरू केल्यावर किती वेळाने?"
दहा मिनिटांनी.
"सिग्नलला जास्त, की चालताना?"
मीही असंच विचारते, उठताना दुखतं की बसताना.
मला तिथेच निम्मं बरं वाटलं.

मग त्याने दोन रबरी नळ्या चिमटीत धरल्या,
एक आत जाणारी, एक बाहेर येणारी.
"दोन्ही गरम. हीटर चालू आहे, ताई."
मुंबईत? हीटर?
"तुम्ही नाही लावला. लावून ठेवलाय."

व्हॉल्व्हला तांब्याची तार, तीन पीळ,
टोक आत वळवलेलं, कुणाला टोचू नये म्हणून.

रेडिएटर निम्मा चोंदलेला. इंजिन तापायचं.
त्यावर जुना उपाय:
हीटर उघडा ठेवायचा, ताप आत ओढून घ्यायचा.
इंजिन वाचतं, बसणारा शिजतो.
"पैसे वाचवले त्यांनी," पास्कल म्हणाला,
हात पुसून झाल्यावर पुन्हा म्हणाला,
"पण स्वतः बसून."

तार सोडली तर पाय गार
आणि काटा विक्रोळीच्या सिग्नललाच लाल.
नवा रेडिएटर साडेचार हजार.
माझे पैसे येतात दहा तारखेला.

रात्री फोन केला, भांडायलाच.
बायकोने उचलला.
मी हीटर म्हटलं, तार म्हटलं.
तिकडे नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाली,
"डिसेंबरातसुद्धा निथळत यायचे हो.
बनियन पिळावं लागायचं.
दोनदा ईसीजी काढायला लावला मी.
वर्षभर चहात साखर घातली नाही.
प्यायले. तसाच प्यायले, आणि बोलले नाहीत."
मागून त्यांनी विचारलं, कोणाचा फोन?
"गाडीचा," ती म्हणाली. "थांबा, येतेच मी."
फोन बंद करायचं विसरली.
मला सगळं ऐकू आलं.
इथे लिहिणार नाही.

तार राहू दे, मी पास्कलला सांगितलं, नऊ दिवस.
काचा खाली, पायात सपाट चप्पल,
घोट्यावर ओल्या नॅपकिनची घडी,
ती मुलुंड चेकनाक्यापर्यंत कडक वाळते.
भांडुपच्या चढावर चटका बसला
की मी काट्याकडे बघते. मध्यावर, निवांत.
मग शृंगारपुऱ्यांना एक शिवी घालते.
कालची आजच्यापेक्षा मोठी होती.